दोन बिजागऱ्या, एक सळई

तुम्ही आत्ता ज्या खोलीत बसला आहात, तिच्या दाराला बिजागऱ्या किती आहेत? मान न वळवता सांगा बघू. बहुतेकांना सांगता येत नाही. मला येतं, कारण बत्तीस वर्षं मी बिजागऱ्या मोजल्या आहेत. बडोद्यात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. ग्रिल, जाळ्या, जिन्याचे कठडे, फाटकं. लोखंड कापणं-जोडणं ह्यांच्याकडे आणि वह्या माझ्याकडे. बिजागऱ्या डझनावर यायच्या. गोणी फाटकी असली की एखादी वाटेत गळायची, म्हणून मी त्या ओट्यावर मांडून मोजायची. घरात आम्ही बिजागरी म्हणायचो, समोरचा गुजराती दुकानदार मिजागरा म्हणायचा आणि आमचे हिंदी बोलणारे कारागीर कब्जा. एकदा तर एकच माल तीन नावांनी तीन वेळा वहीत चढला होता आणि तो घोटाळा निस्तरायला मला आख्खा रविवार लागला होता.

हे सगळं आठवायचं निमित्त म्हणजे अमेरिकेतल्या एका लोखंडी पिंपाचं दार. ते दार कसं बसलं, ते तुम्हाला सांगायचंय. तुमच्या घरात असले उद्योग करणारं कुणी असेल, तर त्यांना यातलं थोडं कामालाही येईल.

वर्कशॉप आम्ही चार वर्षांपूर्वी बंद केलं. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं छान झाली, पण उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप कसाबसा धरता येतो, वेल्डिंगचा होल्डर नाही. ज्यांनी घासून दिलेला जोड बोट फिरवूनही सापडायचा नाही, ते शर्टाची वरची बटणं लावायला मला हाक मारू लागले. मशीन विकलं त्या रात्री हे जेवले नाहीत. त्यानंतर तो विषयच त्यांनी काढला नाही. आणि मुलगा? तो इंजिनियर झाला, पण कॉम्प्युटरचा. बारावीनंतर त्याने वर्कशॉपचा उंबरा ओलांडला नव्हता. का, ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघं पाच महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी म्हणून गाव आहे, तिथे तो राहतो. पहिल्याच शनिवारी तो आम्हाला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे दोन लाकडी ठोकळ्यांवर पाइपाचा एक जाडजूड तुकडा आडवा ठेवला होता. पाच फूट लांब, वीस इंच व्यास.

"याचा मी स्मोकर बनवतोय," तो म्हणाला.

ह्यांनी पाइपाच्या कडेवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि म्हणाले, "दोन सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शाळेत मिलिमीटर शिकवतात, पण आपल्याकडच्या लोहाराला, सुताराला विचारा, तो अजून इंच आणि सूतच बोलतो. आणि अमेरिकेत तर सगळा कारभार इंचातच! मुलाने टेप लावून बघितली, पाव इंच निघालं. तो हसला. हे हसले नाहीत, पण मला कळलं, परक्या देशात ह्यांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. तेवढंच. पुढे दोघंही त्यावर बोलले नाहीत.

तो पाइप शेजाऱ्याने दिलेला. शेजारी सत्तरीचा, जन्मभर तेलाच्या पाइपलाइनी जोडत आलेला वेल्डर. त्या भागात तेलाचा धंदा मोठा, त्यामुळे पाइपाचे उरलेसुरले तुकडे मिळतात, आणि तेलक्षेत्रातल्या वेल्डरांनी अशाच तुकड्यांपासून स्मोकर बनवण्याची तिथे जुनी परंपरा आहे. काही जण गॅसची जुनी टाकीही कापतात. आपल्याकडे कुणाच्या मनात जुना सिलिंडर कापायचं आलं तर हात जोडून सांगते, करू नका. रिकामा दिसतो म्हणजे रिकामा असतोच असं नाही, आणि ग्राइंडरच्या एका ठिणगीला तेवढं पुरतं.

आता स्मोकर म्हणजे काय, ते सांगायला हवं. बार्बेक्यू म्हटलं की आपल्याला निखाऱ्यांवर भाजलेले पनीरचे नाहीतर कोंबडीचे तुकडे आठवतात. टेक्साससारख्या ठिकाणी प्रकार वेगळा. एका बाजूला जाळाची पेटी, तिला जोडून मोठं आडवं पिंप आणि पिंपाच्या दुसऱ्या टोकाला धुराडं. लाकूड पेटीत जळतं. धूर आणि ऊब पिंपातून वाहत धुराड्याकडे जाते, आणि मधल्या जाळीवरचं मांस त्या वाहत्या धुरात साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सियसला शिजत राहतं. तिथले लोक २२५ ते २५० फॅरनहाइट म्हणतात. ब्रिस्केट म्हणजे बीफचा छातीकडचा मोठा तुकडा असेल, तर बारा-बारा तास. पिंपाच्या पुढच्या अंगाला कापून काढलेलं दार असतं. ते नीट बसलं नाही, तर धूर धुराड्याकडे जायचं सोडून फटींतून निघतो, ऊब गळते आणि माणूस नुसता लाकडं घालत बसतो.

मार्चमध्ये मुलगा आम्हाला लॉकहार्टला घेऊन गेला. केटीहून गाडीने अडीचेक तास. १९९९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून या छोट्याशा गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलं. आम्ही दोघं बीफ खात नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला कोंबडी आणि लोणच्याच्या काकड्या आल्या. कोंबडी सुरेख होती, मीठमिरी सोडून काही नाही आणि तरी चव हाडापर्यंत. ह्यांचं मात्र ताटाकडे लक्षच नव्हतं. आत विटांच्या भट्ट्या होत्या, त्यांच्यावर जाड पत्र्याची झाकणं, धुराने काळी झालेली. प्रत्येक वेळी माणूस झाकण उचलायचा की हे मान वाकडी करून बघायचे, ते फिरतंय कुठे आणि वजन कुणी पेललंय. परतताना मुलाने विचारलं, "आवडलं का बाबा?" हे म्हणाले, "झाकणं चांगली होती."

त्यानंतर आठवड्याने कुरिअरने बिजागऱ्या आल्या. मुलाने ऑनलाइन मागवलेल्या, पांढऱ्याशुभ्र, चकचकीत. जेवणाच्या टेबलावर ठेवून तो ऑफिसच्या कॉलवर बसला. ह्यांनी एक उचलली, उघडली, मिटली, होती तशी ठेवून दिली. रात्री अंथरुणावर पडल्यावर अंधारात मला म्हणाले, "त्या बिजागऱ्या चालायच्या नाहीत."

आणि मग ह्यांनी कारणं सांगितली. पहिलं, त्यांच्यावर जस्त चढवलंय. बिजागरी पाइपाला वेल्ड करायची म्हणजे ते जस्त जळणार. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरांना हा ताप हमखास यायचा. एक-दोन दिवसांत उतरायचा. कारागीर त्यावर दूध प्यायचे. दुधाने काय होत असेल ते दूधच जाणे. दुसरं कारण, त्या बिजागऱ्यांची पानं सपाट. पाइप गोल. गोलावर सपाट पान ठेवलं की ते एका रेषेवर टेकतं आणि दोन्ही कडांना हवेत राहतं. तिसरं, पिन उदबत्तीच्या काडीएवढी. "दार एकोणीस-वीस किलोचं होणार," हे म्हणाले. मनातल्या मनात हिशेब झाला होता तर!

"मग सांगा ना त्याला," मी म्हटलं.

"त्याने विचारलंय का?"

यावर मी काय बोलणार? सकाळी पोळ्या करता करता मुलाला म्हटलं, "त्या बिजागऱ्या परत कर. जस्ताच्या आहेत."

"बाबांनी सांगितलं?"

"मी सांगतेय. बत्तीस वर्षं मोजल्यात."

त्याने परत केल्या. शेजाऱ्याला विचारून गावातल्या लोखंडाच्या दुकानातून दुसऱ्या आणल्या. या बिजागऱ्या म्हणजे जाड नळीचे तीन तीन तुकडे एका ओळीत, आणि आतून चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाची, काढता-घालता येणारी पिन. बाहेरचे दोन तुकडे पिंपाला जोडायचे, मधला दाराला. आपल्याकडे फाटकाला दोन तुकड्यांची बिजागरी लावतात, खालच्या तुकड्याची पिन वरच्या तुकड्यात. तिथे पिन उभी असते, फाटकाचं वजनच ती बिजागरी बसवून ठेवतं. स्मोकरला पिन आडवी पडते. दोन तुकड्यांची लावली, तर उघडझाप करता करता दार हळूहळू एका अंगाला सरकत जातं आणि एखाद्या दिवशी निघून हातात येतं. तीन तुकड्यांत मधला अडकलेला राहतो. ही निवड बरोबर होती. ह्यांनी ती बिजागरी उचलली, या वेळी जरा जास्त वेळ हातात ठेवली.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मुलाने दार कापलं. खडूने आखलं, ग्राइंडर लावला आणि चारही बाजू एका दमात कापून दार वेगळं केलं. हे गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. टॅब्लेटवर पेपर वाचत होते म्हणे. ग्राइंडरचा आवाज शेवटच्या कडेला आला, तेव्हा ह्यांचे खांदे आखडलेले मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले.

कारण काय, तर पाइप बनताना लोखंडात ताण राहिलेला असतो. एकसंध असेपर्यंत तो दिसत नाही. तुकडा कापून मोकळा केला की लोखंड अंग सोडतं. दाराचा बाक थोडा उलगडला. परत जागेवर ठेवून बघतो, तर वरची कड बसली की खालची दोन सूत बाहेर, खालची दाबली की वरची उचललेली. म्हणून जाणकार माणूस दार आधी सगळं कापतच नाही. बिजागरीची बाजू तेवढी कापायची, बिजागऱ्या जोडून घ्यायच्या, मग उरलेल्या बाजू, आणि कोपरे सगळ्यात शेवटी.

मुलाने तसंच दार दाबून धरून, नजरेने अंदाज घेऊन दोन्ही बिजागऱ्या लावल्या. त्याचं वेल्डिंग वाईट नव्हतं, शेजाऱ्याने शिकवलं होतं. पण दार चार बोटं उघडलं आणि अडलं. जोर लावला तर करकरलं. त्याने ग्राइंडरने कड घासली, पुन्हा अडलं. पुन्हा घासली. अंधार पडला तरी आवाज चालूच. सूनबाई दोनदा जेवायला बोलावून आली.

आता तुम्हाला ती जुनी गोष्ट सांगते.

मुलाची बारावीची परीक्षा झाली होती. सुट्टीत तो वर्कशॉपमध्ये यायचा, हात चांगला होता त्याचा. एका बंगल्याचं फाटक आलं होतं, आणि हे दुसरीकडे मापं घ्यायला गेले असताना त्याने हौसेने त्याच्या बिजागऱ्या जोडल्या. नजरेने. फाटक बसलं, फिरलंही. दहा दिवसांनी वरच्या बिजागरीचा जोड तडकला आणि फाटक मालकाच्या स्कूटरवर पडलं. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण मालक वर्कशॉपमध्ये येऊन बोलला, आणि ह्यांनी त्याच्यासमोर, सगळ्या कारागिरांसमोर मुलाला म्हटलं, "लोखंड हे तुझं काम नाही."

मुलाने हात धुतले, टॉवेल खिळ्याला अडकवला आणि घरी गेला. बस. भांडण नाही, अबोला नाही. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं रीतसर. फक्त लोखंडाचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

त्या रात्री केटीत नऊच्या सुमाराला हे उठले. चप्पल घालून गॅरेजमध्ये गेले. मी मागोमाग गेले, खोटं कशाला सांगू. दाराआड उभी राहिले.

ह्यांनी दार एकदा उघडायचा प्रयत्न केला. अडलं तिथे थांबले. वाकून एका बिजागरीच्या नळीतून बघितलं, मग दुसरीच्या.

"वाकडी आहे का?" मुलाने विचारलं. त्याचा आवाज अगदी बारावीतला.

"दोन्ही सरळ आहेत. पण एका रेषेत नाहीत. ही वरच्या अंगाला सूतभर गेलीय." मग जरा वेळाने, "दोन बिजागऱ्या म्हणजे दोन नसतात रे. एकच दांडी असते, मधली दिसत नाही एवढंच. पिना काढून दोन्ही नळ्यांतून एक लांब सळई घालायची. सळई सरळ असली की बिजागऱ्यांना वाकडं जायला जागाच नाही. टाके मारायचे, दार फिरवून बघायचं, मग पक्कं करायचं आणि सळई काढून घ्यायची."

मुलगा काही बोलला नाही.

"आपल्याकडे खिळ्याला टांगलेली असायची ती," हे म्हणाले. "चार फुटी. मीच वापरायचो. तुला सळईचं सांगितलं नव्हतं मी तेव्हा."

मुलाने ग्राइंडरची वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळलेलीच होती, ती सोडून परत गुंडाळली. मग म्हणाला, "उद्या आणू, बाबा."

मी स्वयंपाकघरात येऊन उगाच गॅसचा ओटा पुसला.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून अर्ध्या इंचाची गुळगुळीत सळई घेऊन आले. ह्यांनी ती सरळ स्वयंपाकघरात आणली आणि माझ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लोळवली. न उडता, न थबकता गडगडत गेली की सळई सरळ. वाकडी असली तर खडखडते. तुम्हालाही कधी सळई किंवा पडद्याचा रॉड तपासायचा असेल, तर ही युक्ती करून बघा. मात्र ओट्यावरची भांडी आधी उचला, मी एक कपबशी गमावली.

बिजागऱ्या कापून काढल्या, जागा घासून साफ केली. मग दार त्याच्या जागी ठेवून मालमोटारीवर बांधतात तसले दोन पट्टे पिंपाभोवती आवळले. खिटखिट करत पट्टे आवळत गेले, तसतसा दाराचा उलगडलेला बाक परत गोलाला चिकटला. आता प्रश्न फटीचा. दार आणि पिंप यांच्यात चारही बाजूंनी सारखी फट हवी. लोखंड तापलं की वाढतं. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं, तर साधारण १.२ मिलिमीटर. आमचं दार अडीच फुटांचं, म्हणजे ०.९ मिलिमीटर. पिंपही वाढतं म्हणा, पण जाळाच्या पेटीकडचं टोक जास्त तापतं, दार आणि पिंप बरोबरीने वाढत नाहीत. थंड असताना घट्ट, नेमकं बसवलेलं दार गरम झाल्यावर अडकून बसतं.

फटीत घालायला सारख्या जाडीचं काहीतरी हवं होतं. वर्कशॉपमध्ये हे पत्र्याचे तुकडे वापरायचे. इथे मुलगा म्हणाला, "डाइम." डाइम म्हणजे तिथलं दहा सेंटचं नाणं, जाडी १.३५ मिलिमीटर. नातीच्या मातीच्या डुकरातून बारा डाइम काढण्यात आले. ती सहा वर्षांची आहे आणि हिशेबाला पक्की, माझ्यावर गेलीय. बाराच्या बारा परत मिळतील, असं तिने आजोबांकडून कबूल करून घेतलं.

बिजागऱ्या पिंपाला थेट न टेकवता खाली पट्टीचा एकेक तुकडा घालून थोड्या उचलून घेतल्या, म्हणजे पिन पिंपाच्या अंगाबाहेर राहते आणि उघडताना दाराची कड पिंपात घुसत नाही. मुलाच्या पहिल्या प्रयत्नात तीही चूक होती. सळई दोन्हींतून आरपार गेली. नळीच्या तुकड्यांमध्ये वाढायला जागा म्हणून एकेक पातळ वॉशर.

आणि मग वेल्डिंग. ह्यांनी डोळ्यांवर काच धरली, डाव्या हाताने. उजवा हात खिशात. मुलाच्या हातात होल्डर.

"अर्थचा चिमटा कुठे लावलास?"

"पिंपाला."

"आत्ता दाराकडचा तुकडा जोडतोयस ना? मग दाराला लाव. नाहीतर करंट सळईतून जाईल, आत ठिणगी उडेल आणि सळई नळीला चिकटेल."

चिमटा हलला.

"एक टाका. थांब. आता तिकडच्या टोकाला. एकाच जागी जास्त वेळ नको, ओढून घेईल. थांब. गार होऊ दे."

शेजारीही येऊन उभा राहिला होता. ह्यांचं मराठी त्याला कळत नव्हतं आणि त्याचं इंग्रजी ह्यांना. पण दर टाक्याला दोघांच्या माना एकदमच हलत होत्या. एकदा दोघांनी एकाच क्षणी हात वर करून मुलाला थांबवलं. मुलगा वैतागून म्हणाला, "दोन दोन बाबा झालेत मला!" खरं सांगते, मी हसून घेतलं.

आठ टाके झाल्यावर पट्टे सोडले. ह्यांनी मुलाला बाजूला केलं आणि दाराच्या खालच्या कडेला दोन बोटं घालून उचललं. दार वर गेलं. आवाज नाही. सोडलं, तर परत येऊन डाइमांवर टेकलं.

"कर पक्कं," हे म्हणाले, आणि खुर्ची रस्त्याकडून गॅरेजकडे फिरवून बसले.

पुढचं भराभर सांगते. दाराच्या तीन कडांना बाहेरून पट्टी जोडली, फटीवर झाकण म्हणून आणि दाराचा बाक पुन्हा उलगडू नये म्हणूनही. बाजूच्या पट्ट्या गोलाप्रमाणे वाकवताना फार वेळ गेला. मागे अडसर लावला, म्हणजे दार सरळ उभ्याच्या जरासं पलीकडे जाऊन स्वतःच्या वजनावर टेकून राहतं. ते पुरेसं आहे असं मुलाला वाटत होतं. मी म्हटलं, घरात सहा वर्षांची पोर आहे, एकोणीस किलोचं झाकण आहे, वाऱ्याने पडलं तर बोटं गेली. ह्यांच्या डाव्या करंगळीचं अर्धं पेर नाही, ते अशाच एका फाटकाखाली गेलंय. मग बिजागरीच्या मागच्या अंगाला दांडा जोडून त्यावर मुलाच्या व्यायामाच्या धूळ खात पडलेल्या चकत्या चढवल्या. आता दार नातीलाही एका हाताने उचलता येतं. उचलायची परवानगी नाही, हा भाग वेगळा. बिजागरीत साधं ग्रीस घालू नका, उन्हाळ्यातल्या तुपासारखं वितळून गळतं आणि त्याचाच धूर होतो. आम्ही ग्रॅफाइटची पूड घातली.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर पहिल्या दिवशी नुसता जाळ केला, आतून तेलाचा हात फिरवून. दुसऱ्या दिवशी मी मसाला लावून दोन कोंबड्या दिल्या. चार तासांनी मांस मऊसूत, पण कातडं रबरासारखं. तेवढ्या मंद आचेवर कातडं कुरकुरीत होतच नाही, हे शेजाऱ्याने नंतर सांगितलं. वांग्याचं तर हसंच झालं. भरताचं वांगं जाळीवर तीन तास ठेवलं आणि ते नुसतंच दमलेल्या माणसासारखं बसलं, साल काही जळेना. शेवटी ते जाळाच्या पेटीत निखाऱ्यांवर टाकलं, तेव्हा कुठे भरीत झालं. त्याला पेकनच्या लाकडाचा जो वास लागला होता, तो अजून आठवतो.

दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून थोडा धूर येतो. ह्यांना ते फार लागलं. मुलगा म्हणाला, राहू दे बाबा, धुराचा चीक बसून हळूहळू फट बुजेल. तशी ती बुजत आलीय म्हणे. तरी हे फोनवर दर वेळी विचारतात, आणि मुलगा फोन तिकडे नेऊन कोपरा दाखवतो. हल्ली त्याचे फोन ह्यांच्या नंबरावर येतात, माझ्या नाही. सध्या त्याने बागेचं फाटक घेतलंय. परवा अर्धा तास दोघं पिनेच्या जाडीवर बोलत होते आणि मला शेवटी नुसतं "आई कशी आहेस" मिळालं.

डाइम मात्र अकराच परत मिळाले. एक कुठे गेला, कुणालाच सापडला नाही. पट्टीमागे अडकला असेल नाहीतर पिंपात पडून राखेबरोबर गेला असेल. नात ते विसरलेली नाही. दर रविवारी स्क्रीनवर येते आणि आधी बोटाने आजोबांना दाखवते, एक. हे खिशात हात घालून चाचपल्यासारखं करतात आणि म्हणतात, पुढच्या खेपेला आणतो गं.